उपरण्याखालची बोटं

मुक्ताबाईंनी चहाचा कप आबांपुढं ठेवला तो कान दाराकडं करून, आणि कैलासनं आपला कप तसाच खाली ठेवला.

ह्या घरात कपाचा कान म्हणजे हवामानाचा अंदाज होता. कान आबांकडं असला तर दिवस कोरडा. भिंतीकडं असला तर सांभाळून राहा. आणि पार उलटा, दाराकडं असला, तर ज्याला जमेल त्यानं रानात निघून जावं. आबांनी कप बघितला, घसा खाकरला. मुक्ताबाईंनी मान न वळवता पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी सरकवला आणि पाठ फिरवून आत गेल्या. आबांनी टोपी डाव्या कानावर ओढली, म्हणजे निरोप पोचला. नवराबायकोचं सकाळचं बोलणं आटोपलं.

कैलासचे आईबाप एकमेकांशी शब्दानं बोलले त्याला जमाना लोटला होता. कैलासची पोरगी स्नेहल तेव्हा शाळेत होती, आता आंबीच्या कंपनीत क्वालिटीला साहेबीण झाली होती. भांडणाचं कारण हरणी. हरणी म्हणजे मुक्ताबाईंच्या माहेरची म्हैस. आबांनी आयुष्यभर चाकणच्या बाजारात बैलांची दलाली केली, आणि त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका उपरण्याखाली जातात आणि बोटं बोलतात. वर तोंड चालूच, की नाही भाऊ, परवडत नाही, जावा घरी. खाली सौदा पटलेला. तर त्या दिवशी अंगणात, मुक्ताबाई समोर ताक करत बसलेल्या असताना, आबा गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगत होते की हरणी द्यायची नाही म्हणजे नाही, घरची लक्ष्मी आहे ती. आणि उपरण्याखाली हरणी देऊन, बदल्यात शर्यतीचा बैल घेऊन मोकळे झाले. बैलाचं नाव रॉकेट. पहिल्याच शर्यतीत रॉकेट घाटाच्या, म्हणजे धावायच्या चढाच्या, मध्यावर थांबला, मागं वळला, मंडपात शिरला आणि प्रमुख पाहुण्यांचा हार खाऊन खाली बसला.

बैलाचं मुक्ताबाईंना काही वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, आणि तेच शेवटचं: "ज्याचं त्वांड येक बोलतंय आन् बोटं दुसरंच, त्याच्याशी बोलून मी काय करू?"

तेव्हापासून कपाचा कान.

कैलासला एरवी ह्याची मजाच वाटायची. त्याला कशाची मजा वाटत नव्हती? कामगारांची ने-आण करणाऱ्या दोन बसा होत्या त्याच्या, आणि जीभ तिसऱ्या बससारखी दिवसभर गावात फिरत असायची. मागं एकदा त्यानं आपल्याच गावात, परंदवडीत, उठवून दिलं होतं की सरकारी ड्रोन येतोय आणि ज्याच्या दारात रांगोळी दिसेल त्याचंच घर नकाशावर चढणार. आख्खी आळी रांगोळ्यांनी भरली. ज्यांच्या घरात बाई नव्हती त्यांनी स्वतः काढल्या. हा गच्चीवर बसून फोटो काढत होता.

पण आज हसू फुटत नव्हतं. आज लोणावळ्याची मंडळी स्नेहलला बघायला यायची होती.

बघायला म्हणजे नावाला. स्नेहल आणि धवल दोघं एकाच कंपनीत, एकमेकांना बघून झालं होतं, पसंत करून झालं होतं. अडकलं होतं ते धवलच्या आईपाशी, अरुंधतीबाईंपाशी. शाळेत बाई होत्या, बोलायला सरळ. त्यांनी पोराला एकच सांगून ठेवलं होतं: ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, त्या घराशी मी सोयरीक करणार नाही. त्यांचे दोन सख्खे भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांमधले निरोप पोचवता पोचवता त्यांची आई गेली. एवढ्या एका गोष्टीवरनं त्या हटायच्या नाहीत, असं धवल म्हणाला होता.

स्नेहल बापाजवळ येऊन रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "पप्पा, काहीतरी करा. पण तुमच्या स्टाईलनं नको."

आता कैलासकडं स्टाईल एकच होती. तो आधी आईकडं गेला. एका दिवसापुरतं बोल म्हणून पाया पडला. मुक्ताबाई भाकरी थापताथापता म्हणाल्या, नातीसाठी पाहुण्यांम्होरं बसंन, हसंन, लागलं तर गाणं म्हणंन, पण त्या माणसाशी बोलणार न्हाई. मग तो आबांकडं गेला. आबांचा प्रश्न वेगळा होता. तोंड उघडलं की आबा खरं बोलत. दलाली सुटल्यापासून खोटं बोलायची त्यांना गरजच राहिली नव्हती, आणि म्हातारपणी ती सवय पार मोडली होती.

"आबा, बोटं इसरला का?" कैलासनं विचारलं.

आबांचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातावर पसरलं आणि त्याखालनं कैलासची बोटं अशी पकडली की कैलास उभ्याचा खाली बसला.

ठरलं ते असं. दिवाणावर आबांना खेटून कैलास बसणार, मधे उपरणं. प्रश्न आला की कैलासनं करंगळी धरली तर आबांनी व्हय म्हणायचं. दोन बोटं धरली तर न्हाई. अंगठा धरला तर बोलत राहायचं. आणि आख्खा पंजा दाबला तर गप. तालीम केली तेव्हा आबा इतके रंगले की त्यांनी कैलासला दोन बैल विकले आणि एक परत घेतला. कैलासची बायको सारिका दारातनं बघत होती. ती म्हणाली, "अवो, बाप हसतोय आन् लेक बी हसतोय, म्हंजे काय तरी वाटुळं हुणार." आणि पोहे भिजवायला आत गेली.

पाहुणे आले. लोणावळ्याचे असून चिक्की आणली नाही, एवढ्यावरच कैलासला ती माणसं पसंत पडली. अरुंधतीबाईंच्या हातात एक पिशवी होती, ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि खोली बघितली. दिवाणावर आबा आणि कैलास. आबांच्या बाजूला उभा पंखा. स्वयंपाकघराच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मुक्ताबाई, तोंड बाहेरच्या दाराकडं, जशी काही एसटी यायची होती.

धवलचे वडील चिंतामणी हे उंच, गोरे, आनंदी गृहस्थ. लोणावळ्याच्या हॉटेलांत कंपन्यांच्या साहेबांना गोळा करून ते देहबोली शिकवायचे. कोण कसं बसतो, हात कुठं ठेवतो, मान किती वाकवतो, त्यावरनं माणूस ओळखायचा, हा त्यांचा धंदा. आल्याआल्या त्यांनी सांगून टाकलं, "मी शब्द ऐकतच नाही हो, कैलासराव. शब्द खोटे असतात. मी माणूस बघतो."

कैलासनं नाक खाजवलं.

"आता हे नाक," चिंतामणी हसून म्हणाले. "नाकाला हात लावणारा काहीतरी लपवत असतो, असं आम्ही शिकवतो. तुमचं तसं नाही म्हणा."

त्या क्षणापासून कैलासच्या नाकाला अशी खाज सुटली की त्याला खाजकुइली लागल्यासारखं झालं. पण त्यानं हात लावला नाही. डोळ्यांतनं पाणी आलं. चिंतामणींनी हळूच बायकोला सांगितलं की मुलीचे वडील फार भावुक आहेत.

आणखी एक खोड होती त्यांची. समोरचा माणूस जसा बसेल तसं बसायचं. त्यानं म्हणे माणसं जवळ येतात. आबांनी मांडी घातली, चिंतामणींनी सोफ्यावर मांडी घातली. आबांनी कान कोरला, ह्यांनी कान कोरला. आबा जरा थांबले. मग त्यांनी टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला. चिंतामणींना टोपी नव्हती, पण त्यांनी टोपी काढल्यासारखं केलं. आबा कैलासच्या कानाशी वाकून म्हणाले की पाव्हण्याला काय तरी चावतंय, सोफ्यात ढेकूण झालं असतील, इचार. पाहुणा नक्कल करतोय हे कैलासच्या लक्षात आलं, पण गप बसायची अक्कल त्याला कुठली. त्यानं मुद्दाम जांभई देऊन दोन्ही हात वर ताणले. चिंतामणींचे हात वर गेले. कैलासनं एक हात मानेमागनं नेऊन उलट्या बाजूचा कान धरला. चिंतामणींनी प्रयत्न केला. सारिका पोहे घेऊन आली होती, तिनं बशी देता देता नवऱ्याच्या पायावर पाय दिला तसा खेळ थांबला.

मधेच लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. कुणाला त्याचं नवल नव्हतं, रविवारी जायचीच.

उपरण्याचं काम झकास चाललं होतं. शेती किती, भात कुठला लावता, आबा, गुडघे काय म्हणतात, अरुंधतीबाई विचारायच्या आणि कैलासची बोटं खाली चालायची. करंगळी. दोन बोटं. अंगठा. इंद्रायणी भातावर आबा अंगठ्याच्या जोरावर इतकं बोलले की शेवटी पंजा दाबावा लागला. डोळे मिटून बोलत होते. बाजारातली सवय, बोटं ऐकायची तर डोळे मिटायचे. मधे त्यांना खोकला आला तर मुक्ताबाईंचा हात न बघता तांब्याकडं गेला आणि तांब्या दिवाणाच्या काठाला आला. हे घरात कुणाच्या लक्षातही येत नसे. भिंतीवरचं घड्याळ कुणी ऐकतं का?

स्नेहल धवलला गुलाबाचं पॉलीहाऊस दाखवायला मागं घेऊन गेली. आणि नेमका तेव्हाच बाहेर शेजारचा रतन ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत शेणखत, समोर धवलची गाडी आडवी, वाट बंद. रतननं हॉर्न दाबून धरला. कैलासनं चावी उचलली. दोन मिनिटांचं काम, त्यानं मनाशी म्हणलं, आणि जाता जाता आबांचा पंजा दाबला. गप राहा.

गाडी ऑटोमॅटिक होती. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्याचा डावा पाय क्लच शोधत राहिला. क्लच नव्हता. पाय ऐकेना, त्यानं ब्रेकच दाबला. गाडी एक फूट मागं जाऊन नमस्कार घालायची, परत एक फूट, परत नमस्कार. रतन ट्रॅक्टरवरनं म्हणाला, "कैलासभाऊ, गाडी मागं घ्यायची का तिला देवदर्शन घडवायचंय?" शेवटी कैलासनं डावा पाय उचलून सीटवर मांडी घालून घेतला, तेव्हा कुठं गाडी मागं गेली.

घामाघूम होऊन तो दारात आला आणि चौकटीला धरून उभा राहिला.

दिवाणावर त्याच्या जागी चिंतामणी बसले होते. त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला होता, अगदी मायेनं, आणि आबांचं उपरणं घसरून त्या तिन्ही हातांवर पडलं होतं. आबांनी डोळे मिटले होते. पंजा दाबलेला, म्हणून गप बसले होते. चिंतामणी बायकोला सांगत होते, "बघ अरुंधती, शब्द नाही, काही नाही. नुसता स्पर्श. किती शांत झालेत आबा."

"आबा," अरुंधतीबाई म्हणाल्या, "मी स्पष्टच विचारते, राग मानू नका. आमच्या माहेरी ह्यानं फार वाईट झालंय. तुमच्या घरात कुणाचा कुणाशी अबोला नाही ना?"

कैलासनं दारातनं दोन बोटं वर केली. हात उंच करून, ताणून दोन बोटं दाखवली. आबांचे डोळे मिटलेले. पण चिंतामणींचे उघडे होते. त्यांना दारात उभा असलेला, दोन बोटं दाखवून हसायची धडपड करणारा व्याही दिसला. आणि सवयच ती. त्यांनीही एक हात उपरण्याखालनं काढला आणि आनंदानं दोन बोटं वर केली.

उपरण्याखाली आता एकच हात राहिला. त्या हातात आबांची करंगळी होती.

"व्हय," आबा म्हणाले. "हाय की."

अरुंधतीबाईंचा चमचा पोह्यांत थांबला.

"कुणाचा?"

चिंतामणी दचकले. दचकला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. त्यांच्या हाताला आबांचा अंगठा लागला.

मग काय. आबा बोलत राहिले. डोळे मिटून, मन लावून, आडवं-तिडवं सगळं. माझा आन् हिचा अबोला हाय. हरणीपासनं. हरणी कशी, तिचं दूध कसं, गिऱ्हाईक कुठलं, तोंडानं आपण काय म्हणालो आणि बोटांनी काय केलं, रॉकेटनं कुणाचा हार खाल्ला, त्यात निशिगंध किती होता. चिंतामणी जसजसे घाबरत होते तसतसा अंगठा आवळत होते, आणि अंगठा आवळला की आबांना वाटायचं अजून सविस्तर पाहिजे. शेवटी कपाच्या कानाचंही त्यांनी सांगून टाकलं. कान दाराकडं म्हंजे काय, भिंतीकडं म्हंजे काय. "आज सकाळी दाराकडं हुता," ते म्हणाले आणि डोळे उघडले. शेजारी कैलास नव्हता. कैलास दारात होता, अजून दोन बोटं वर करून.

"आरं," आबा म्हणाले. "मग हे बोट कुणाचं?"

चिंतामणींनी हळूच अंगठा सोडला. मागच्या दारी स्नेहल आणि धवल येऊन उभे राहिले होते. स्नेहलच्या हातात एक गुलाब होता, तो तिनं पाठीमागं नेला. अरुंधतीबाईंनी पोह्याची बशी स्टुलावर ठेवली. आवाज न करता ठेवली, आणि ह्या घरात वाढलेल्या कैलासला कळलं की आदळली असती तर बरं झालं असतं.

त्यानं आयुष्यभर लोकांना हसवलं होतं. आता डोक्यात शोधलं तर एक विनोद सापडेना. पोरीकडं बघवेना. नाकाला खाज सुटली आणि त्यानं सरळ खाजवलं, आता काय लपवायचं राहिलं होतं.

"अशक्य," चिंतामणी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"मी नाही मानत. मी आल्यापासून बघतोय. अबोला असलेली माणसं असं बसत नाहीत." ते उठून उभे राहिले, हॉटेलात साहेबांपुढं राहत असतील तसे. "मावशींचं तोंड दाराकडं आहे, बरोबर? खांदे दाराकडं. पण पाय बघा. कमरेतून पिळून बसल्यायत त्या. माणूस तोंडानं फसवतो, हातानं फसवतो, पण पाय कुठं वळवायचे हे त्याच्या लक्षातच राहत नाही. पाय जिकडं, मन तिकडं."

खोलीतल्या प्रत्येकानं मुक्ताबाईंच्या पायांकडं बघितलं. जोडवी घातलेली दोन्ही पावलं, एक एक बोट, सरळ आबांच्या दिवाणाकडं वळलेली होती. कैलासनं आठवून बघितलं. ओसरीवर, मळ्यात बांधावर, लग्नाच्या पंगतीत. आईची पाठ त्याला आठवत होती. पाय त्यानं कधी बघितलेच नव्हते.

मुक्ताबाईंनी झटक्यात पाय लुगड्यात ओढून घेतले.

"तिकडं पंखा हाय," त्या म्हणाल्या. "उकडतंय, म्हून केलं पाय तिकडं."

"मावशी," अरुंधतीबाई सावकाश म्हणाल्या, "लाईट तर कधीची गेलीय."

मुक्ताबाईंनी पंख्याकडं बघितलं. पंख्यानं काही मदत केली नाही. त्यांचं म्हातारं तोंड कानापर्यंत लाल झालं, आणि कैलासला शप्पथ आई अशी दिसते हे माहीतच नव्हतं.

अरुंधतीबाई खाली बघत बोलल्या. त्यांच्या माहेरी अबोला असा नव्हता, म्हणाल्या. एका भावाला ठसका लागला तर दुसरा उठून जायचा. "इथं मघाशी आबांना खोकला आला. मी बघत होते. मावशींनी मान वळवली नाही, पण तांब्या पोचला." मग त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून शाल काढली. त्यांच्या घरची रीत होती, सोयरीक जुळवायची तर समोरच्या घरातल्या वडीलधाऱ्या जोडप्याच्या खांद्यांवर एकच शाल घालायची, दोघांना मिळून. "आता जोडपं एका ठिकाणी बसलं तर मी शाल घालीन. नाही बसलं तर पिशवीत ठेवीन. मी कुणाला बोला म्हणत नाही."

आता सगळं त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होतं. मुक्ताबाईंनी स्नेहलकडं बघितलं. स्नेहलनं काही खूण केली नाही. नुसती उभी होती, गुलाब मागं धरून, डाव्या पायाचा अंगठा उजव्या पावलावर ठेवून, लहानपणी रागावल्यावर उभी राहायची तशी. मुक्ताबाई उठल्या. खुर्ची करकरली. दिवाणाकडं जाताना त्या एकदा थांबल्या, पण त्यांनी फक्त तांब्या बाजूला केला, लाथ लागू नये म्हणून. आणि आबांच्या शेजारी टेकल्या. मधे वीतभर जागा ठेवली.

शाल पडली दोघांच्या खांद्यांवरनं. मोठी होती, मांडीपर्यंत आली. अरुंधतीबाईंनी कुंकू लावलं, सारिकानं डोळ्याला पदर लावला, आणि एवढ्यात कैलासला दिसलं. शाल हलत होती.

मधोमध. आधी जरा, मग जोरात. त्या हालचालीत कैलास लहानाचा मोठा झाला होता. मुक्ताबाई सरळ समोर बघत होत्या. आबांनी डोळे मिटले.

"न्हाई न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले. "परवडत न्हाई."

शाल हलली.

"येक जमंल. दोन कुठनं आणू म्या?"

शाल थांबली. आणि मुक्ताबाईंनी मान वळवली. खुर्चीत असताना कधी वळली नव्हती ती मान वळवून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"परवडत नसंल तर उठते मी," त्या म्हणाल्या.

सारिकाच्या हातनं करंडा पडला. स्नेहलनं गुलाब धवलच्या हातात कोंबला. आबांचे डोळे उघडले आणि परत मिटले, आणि त्यांनी घाईघाईनं शालीखाली काहीतरी धरलं. दोन बोटं असावीत. बाजारात सौदा पटला की टाळी देतात, ती टाळी शालीखाली वाजली.

"दोन म्हशी," आबांनी कैलासला सांगितलं. "आन् शिंगं बघून निवडायचं काम माझं न्हाई, हिचं."

चिंतामणींना राहवेना. ही बोटांची भाषा मावशींना कुठून येते, त्यांनी विचारलं, त्या काय बाजारात जायच्या?

मुक्ताबाईंनी पदर तोंडाशी नेला. आबाच बोलले, कुणी अंगठा धरलेला नसताना. "मीच शिकिवलंवतं, साहेब. नवं लगीन झाल्यालं. सासूसासऱ्याम्होरं बोलाया मिळायचं न्हाई. मग असंच, घोंगडीखाली." ते जरा थांबले. "त्याच बोटांनी म्हस इकली म्या. म्हून राग धरला तिनं."

कैलासनं ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आख्ख्या गावाला फसवलेला माणूस, आणि घरात दोन म्हातारी त्याच्यासमोर हे लपवून बसली होती. त्याला बापाचा मत्सरच वाटला.

लाईट आली. पंखा सुरू झाला तसे सगळे कारण नसताना हसायला लागले. तारीख काढायची ठरली. चिंतामणींनी आबांकडनं दोन बोटं शिकून घेतली, त्यांच्या साहेबांना शिकवायला, आणि शिकता शिकता रतनचा ट्रॅक्टर जवळजवळ विकत घेतला. कैलास परत आपल्या जागी, आबांशेजारी बसला.

मुक्ताबाई पाहुण्यांसाठी दुसरा चहा घेऊन आल्या. सगळ्यांना दिला. शेवटचा कप आबांपुढं ठेवला. सारिकानं बघितलं, स्नेहलनं बघितलं, कैलासनं मान लांब करून बघितलं. कान आबांकडं होता. अगदी हाताशी, उचलायला सोपा.

आबांनी उचलला. एक घोट घेतला. कैलास बापाच्या तोंडाकडं बघत होता म्हणून त्याला दिसलं की घोट घशाशी जरा अडखळला. साखर नव्हती. कणभर नव्हती. एवढ्या दिवसांचा हिशेब एका शालीवर थोडाच मिटतो.

"लय ग्वाड झालाय," आबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि उपरण्याखाली कैलासची दोन बोटं घट्ट धरली, म्हणजे न्हाई.

मुक्ताबाई जायला वळल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांनी आबांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. उपरण्याकडं बघितलं.

"अवं," त्या म्हणाल्या. "काय हलतंय तितं खाली?"